विश्लेषण : रस्ता खुला, दरवाजा बंद! दादासाहेब गायकवाडांचा लढा कशासाठी होता?

नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झाला. मात्र तो गावात राहून पाच वर्षे चालता ठेवणारे संघटक होते कर्मवीर दादासाहेब गायकवाड.

दादासाहेब कोण होते?
भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून स्वयंसेवक जमवणे, तुकड्या पाठवणे आणि बाबासाहेबांशी पत्रव्यवहार ठेवणे ही कामे त्यांच्याकडे होती.

१९३० मध्ये काय घडले?
दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, २ मार्चला, सुमारे मैलभर लांबीची मिरवणूक शिस्तीत मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाघाटावर गेली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर बसली. रामनवमीला रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचे ठरले होते. तो समझोता मोडला आणि दगडफेक झाली.

कायदा कोणाच्या बाजूने होता?
मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या. मंदिरे त्यात नव्हती. त्यामुळे रस्त्यावर चालता येत होते, घाटावर बोलता येत होते; उंबरठा मात्र ओलांडता येत नव्हता.

लढ्यातून काय मिळाले?
सत्याग्रहाने दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि हा लढा थांबला. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तर अनुच्छेद १९ ने भाषणस्वातंत्र्य आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात.

पुढे दादासाहेबांनी काय केले?
१९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर गेले. तरीही त्यांनी रस्ता सोडला नाही. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून १९५९ आणि १९६४ मध्ये त्यांनी मोठे सत्याग्रह उभारले. हक्क कागदावर आला तरी तो मागण्यासाठी माणसांना एकत्र यावेच लागते, हे त्यांनी काळारामच्या दारात पाहिले होते. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.