अब्राहम लिंकन : दुभंगलेल्या देशाचे अध्यक्ष

केंटकीतील एका लाकडी झोपडीत १८०९ साली जन्मलेल्या अब्राहम लिंकन यांच्या वाट्याला शालेय शिक्षण आले ते जेमतेम वर्षभराचे. पुढे वकिलीही त्यांनी पुस्तके वाचून, स्वबळावरच आत्मसात केली.

१८६०च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत चार उमेदवार होते. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, ही लिंकन यांची भूमिका दक्षिणेला इतकी असह्य होती की तेथील बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. सुमारे ४० टक्के मतांवर ते निवडून आले आणि शपथविधीपूर्वीच सात राज्ये फुटून निघाली. पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांच्याशी झुंजलेल्या सेवर्ड, चेस व बेट्स यांनाच त्यांनी मंत्रिमंडळात घेतले.

परंतु त्यांची खरी उंची दिसते ती १८६४ साली. यादवी युद्ध पेटलेले असताना निवडणूक पुढे ढकलण्याचा मोह कोणालाही झाला असता. त्यांनी ती ठरल्या वेळी घेतली. ऑगस्टमध्ये पराभव अटळ वाटू लागला, तेव्हा त्यांनी एक टिपण लिहिले. हरल्यास नव्या अध्यक्षाशी सहकार्य करून, सत्तांतरापूर्वीच संघराज्य वाचवायचे, असा त्यात निर्धार होता. कागदाची घडी घालून, मजकूर न दाखविताच, त्यांनी मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. सप्टेंबरात अटलांटा पडले, वारे फिरले. विजयानंतरच ते टिपण मंत्र्यांपुढे वाचले गेले.

एप्रिल १८६५मध्ये त्यांची हत्या झाली. गुलामगिरी नष्ट करणारी घटनादुरुस्ती त्याच डिसेंबरात अमलात आली. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना.