लेखणी एक, वाचक अनेक

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. न्यूयॉर्क व लंडन येथे उच्च शिक्षण घेतलेल्या बाबासाहेबांनी अर्थशास्त्र, कायदा, समाज व धर्म या विषयांवर विपुल लेखन केले. हे लेखन कोणासाठी आणि कशासाठी, याचे भान त्यांनी कधीही सोडले नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य केले. ज्यांना बोलण्याचा अधिकारच नव्हता, त्यांची बाजू मांडणे हा या पत्राचा हेतू होता आणि तो त्याच्या नावातूनच प्रकट होत होता. पहिल्याच अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. या मनोऱ्यातील प्रत्येक मजला म्हणजे एकेक जात. परंतु एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडी नाही! जातिव्यवस्थेचे स्वरूप सामान्य वाचकाला या एका चित्रातून कळत असे. ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकारामांचा अभंग, तर १९२७ मध्ये निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या असत. मराठी वाचकाला संतवाणी परिचयाची होती.

याउलट, १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ इंग्रजीत आहे. त्याचा वाचक अर्थतज्ज्ञ व राज्यकर्ता होता. त्याला पटवण्यासाठी उपमा पुरेशी नव्हती; आकडेवारी, इतिहास व काटेकोर युक्तिवाद आवश्यक होता.

१९३६ मध्ये मात्र कसोटीचा प्रसंग आला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले. श्रोते मुख्यतः सवर्ण सुधारक असणार होते. बाबासाहेबांनी भाषण इंग्रजीत लिहिले. जातिभेदाचे मूळ धर्मशास्त्रांवरील श्रद्धेत आहे, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडले. भाषण आधी वाचून संयोजक अस्वस्थ झाले व त्यांनी काही भाग वगळण्याची विनंती केली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. अधिवेशन रद्द झाले. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. श्रोत्यांना समजेल अशी भाषा निवडणे वेगळे आणि त्यांना रुचावे म्हणून विचार बदलणे वेगळे, हा भेद त्यांनी कृतीने दाखवून दिला.

पुढे दिल्लीत, २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. संविधानाच्या भाषेत अलंकाराला वाव नव्हता. न्यायालयात एकेका शब्दाचा अर्थ लावला जाणार होता. म्हणून तेथे निःसंदिग्धता हाच गुण ठरला.

आयुष्याच्या अखेरीस दिल्लीतील २६, अलीपूर मार्ग येथील निवासस्थानी, प्रकृती खालावलेली असतानाही, ते बुद्ध व धम्म यांवरील ग्रंथ पूर्ण करीत होते. सर्वसामान्य अनुयायांना बुद्धांची शिकवण एकाच ठिकाणी मिळावी, यासाठी त्यांनी त्यात क्रमांक दिलेली छोटी छोटी वचने योजली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्याच घरी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला.

अग्रलेख, प्रबंध, भाषण, संविधान व धर्मग्रंथ यांत बाबासाहेबांची भाषा पालटत गेली. माणसाला माणूस म्हणून प्रतिष्ठा मिळावी, हा त्यांचा ध्यास मात्र अखेरपर्यंत पालटला नाही.