डॉ. आलोइस आल्झायमर

साठी बुद्धि नाठी ही म्हण आपल्या घराघरांतून ऐकूं येते. घरांतील वृद्ध मनुष्य एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारूं लागला, नातवंडांचीं नांवें विसरूं लागला, किंवा नेहमींच्या रस्त्यावर वाट चुकूं लागला, म्हणजे ही म्हण उच्चारून आपण मोकळे होतों. परंतु अशी विस्मृति हा केवळ वयाचा दोष नसून मेंदूचा रोग असूं शकतो, हें ज्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दाखवून दिलें, त्या जर्मन वैद्याचें चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस बोधप्रद होईल.

आलोइस आल्झायमर ह्यांचा जन्म ता. १४ जून १८६४ रोजीं बव्हेरियांतील मार्क्टब्राइट ह्या लहानशा गांवीं झाला. त्यांचे वडील नोटरी होते. बर्लिन, व्युर्ट्‌सबुर्ग व ट्युबिंगेन येथें वैद्यकाचा अभ्यास करून त्यांनीं १८८७ सालीं पदवी मिळविली, आणि पुढच्याच वर्षीं फ्रँकफुर्ट शहरांतील मनोरुग्णालयांत नोकरी धरली. लवकरच फ्रान्झ निस्सल हे विद्वान् वैद्य त्यांचे सहकारी झाले. मेंदूच्या पातळ चकत्या रंगवून त्यांतील पेशी स्पष्ट पाहण्याची रीत निस्सल ह्यांनीं शोधून काढली होती. रुग्णांची विचारपूस आणि सूक्ष्मदर्शकापुढील निरीक्षण हीं दोन्हीं कामें आल्झायमर ह्यांनीं जन्मभर बरोबरीनें केलीं. १९०१ सालीं त्यांची पत्नी वारली व तीन लहान मुलें मातृहीन झालीं. त्या दुःखांतहि त्यांनीं आपलें काम सोडलें नाहीं.

त्याच वर्षीं ता. २५ नोव्हेंबर रोजीं रेल्वेंतील एका कारकुनाच्या पत्नीस त्या रुग्णालयांत आणण्यांत आलें. तिचें वय अवघें ५१ वर्षांचें होतें. ती वस्तु भलत्याच जागीं लपवी आणि कोणी आपला जीव घेणार आहे असें समजून ओरडे. पानांत फुलकोबी वाढलेली असतां आपण पालक खात आहों, असें तिनें सांगितलें. स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें, तर आरंभींचा शब्द लिहून ती थांबे आणि पुढें काय लिहावयाचें तें विसरून जाई. म्हातारपणाची सबब येथें लागू पडत नव्हती. आल्झायमर ह्यांनीं तिच्याजवळ बसून तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा शांतपणें विचारले व तिचीं उत्तरें शब्दशः टिपून ठेवलीं.

१९०३ सालीं ते प्रसिद्ध मनोवैद्य एमिल क्रेपेलिन ह्यांच्याबरोबर म्युनिक येथें गेले. तरी ह्या रुग्णाइत बाईचा त्यांना विसर पडला नाहीं. ता. ८ एप्रिल १९०६ रोजीं ती मरण पावली, तेव्हां तिचे कागद व मेंदू त्यांनीं म्युनिकला मागवून घेतले. मेंदू आक्रसलेला होता व त्यांतील पुष्कळ पेशी नाहींशा झालेल्या होत्या. रौप्यक्षाराच्या योगानें चकत्या रंगविल्यावर दोन गोष्टी दिसून आल्या. पेशींच्या आंत सूक्ष्म तंतूंचा गुंता झालेला होता, आणि पेशींच्या बाहेर ठिकठिकाणीं कसल्यातरी द्रव्याच्या गुठळ्या सांचल्या होत्या. ता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्युबिंगेन येथील वैद्यसभेंत त्यांनीं हा शोध मांडला. सभेनें त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं, एक प्रश्नहि विचारला नाहीं. परंतु १९१० सालीं क्रेपेलिन ह्यांनीं आपल्या ग्रंथांत ह्या रोगास आल्झायमर ह्यांचें नांव दिलें.

त्या गुठळ्यांत काय होतें, हें कळावयास पाऊण शतक लागलें. १९८४ सालीं अमेरिकेंतील ग्लेनर व वाँग ह्या संशोधकांनीं त्यांतील अमायलॉइड बीटा हें प्रथिन ओळखलें, व पुढें पेशींतील गुंता टाऊ नांवाच्या प्रथिनाचा आहे असें ठरलें. प्रथिनें हीं पेशींचीं कामकरी द्रव्यें होत. प्रत्येक प्रथिनाची लांब सांखळी विशिष्ट रीतीनें दुमडली, तरच तें उपयोगीं पडतें. घडी चुकूं नये म्हणून पेशींत सहाय्यक प्रथिनें असतात. बिघडलेल्या प्रथिनास युबिक्विटिन नांवाची खूण लावून त्याचे तुकडे केले जातात. ही व्यवस्था उलगडून दाखविणाऱ्या तीन शास्त्रज्ञांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मोठा कचरा पातळ वेष्टनांत गुंडाळून जिरविला जातो. त्याविषयींच्या संशोधनाबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी ह्यांचा २०१६ सालीं तसाच गौरव झाला. कातडीच्या पेशी झडतात व नव्या येतात. मेंदूच्या बहुतेक पेशी मात्र जन्मभर त्याच राहतात. म्हणून तेथील साफसफाई सत्तर-ऐंशीं वर्षें अखंड चालावी लागते. वयाबरोबर ती मंदावते, चुकीच्या घडीचीं प्रथिनें सांचतात आणि शेजारच्या प्रथिनांसहि बिघडवितात. विस्मृतीच्या मुळाशीं ह्या सांचण्याचा वांटा किती, ह्याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. रोगाची वाढ आरंभीं कांहींशी मंदावणारीं औषधें अलीकडे निघालीं आहेत. समूळ बरें करणारें औषध मात्र अजून सांपडलेलें नाहीं.

१९१२ सालीं आल्झायमर ह्यांची ब्रेस्लाउ विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. परंतु त्याच सुमारास त्यांची प्रकृति ढांसळली. ता. १९ डिसेंबर १९१५ रोजीं ते तेथेंच निवर्तले. त्यांचेंहि वय त्या वेळीं ५१ वर्षांचेंच होतें. फ्रँकफुर्ट येथें पत्नीच्या शेजारीं त्यांचें दफन झालें. त्या बाईचे हरवलेले कागद १९९५ सालीं फ्रँकफुर्टच्या दप्तरांत पुन्हा सांपडले, आणि तिची प्रश्नोत्तरें जगास वाचावयास मिळालीं.

विद्यार्थिमित्रहो, त्या बाईस बरें करणें आल्झायमर ह्यांच्या हातीं नव्हतें. पण जिच्या बोलण्यास कोणी अर्थ मानीत नव्हतें, तिचें बोलणें त्यांनीं मन लावून ऐकलें, आणि त्यांतूनच शास्त्राची वाट उघडली. तुमचे आजोबा किंवा आजी एकच प्रश्न दहाव्यांदां विचारतील, तेव्हां हंसूं नका व रागावूंहि नका. दहाव्यांदांहि पहिल्यासारखेंच उत्तर द्या. आणि पालकांनीं अशी विस्मृति वाढत असलेली पाहिली, तर म्हणीवर भिस्त न ठेवतां वेळींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.