आकाश सर्वांचे : डॉ. विक्रम साराभाई

सरकारी सेवेत ज्यांची हयात गेली, त्यांना एक अनुभव नित्याचा असतो. दुसऱ्याकडे साहाय्य मागावयाचे म्हटले की पहिला प्रश्न उभा राहतो तो स्वाभिमानाचा. डॉ. विक्रम साराभाई यांच्या चरित्राकडे आम्ही वळलो ते याच प्रश्नाचे उत्तर शोधीत. मागूनही मिंधे न होण्याची विद्या या पुरुषास साधली होती.

साराभाईंचा जन्म अहमदाबाद येथे १२ ऑगस्ट १९१९ रोजी एका धनाढ्य गिरणीमालकाच्या घराण्यात झाला. वडील अंबालाल व आई सरलादेवी यांनी मुलांसाठी घरीच शाळा चालविली होती. पुढे विक्रम केंब्रिजला गेले. परंतु महायुद्ध पेटल्याने परतले आणि बंगलोर येथे सर चंद्रशेखर रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. १९४७ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून ते स्वदेशी आले आणि त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली.

१९६२ साली डॉ. होमी भाभा यांच्या पाठिंब्याने अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली व साराभाई तिचे अध्यक्ष झाले. देशाजवळ तेव्हा ना अग्निबाण होता, ना तो बनविण्याचा अनुभव. जे होते ते निसर्गाचे दान. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे मच्छीमारांचे गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी निकट वसलेले आहे. तेथे सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरून विजेचा एक प्रवाह वाहतो. बलून तेथवर चढत नाही, उपग्रह तितक्या खाली टिकत नाही. त्याचा जागेवर अभ्यास करावयाचा तर लहान अग्निबाणच हवा. जगातील शास्त्रज्ञांना या जागेची गरज होती. साराभाईंनी हे ओळखले आणि साहाय्याची याचना न करता सहकार्याचा प्रस्ताव मांडला.

मात्र जागा रिकामी नव्हती. तेथे कोळ्यांची घरे होती, संत मेरी मॅग्डालेनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या संमतीने गावकऱ्यांनी आपले देवस्थान विज्ञानास दिले व वस्ती अन्यत्र हलविली. चर्चमध्ये कार्यालय थाटले गेले. भूसंपादनाच्या फाइली आम्ही आयुष्यभर पाहिल्या आहेत. त्यामुळे अवकाशाचा इतिहास सांगताना या गावकऱ्यांचा त्याग प्रथम नमूद करावा, असे आम्हांस वाटते.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. बाण अमेरिकेचा, त्यातील सोडियम वाफेचे उपकरण फ्रान्सचे. तळाच्या उभारणीस सोव्हिएत संघाचेही साहाय्य लाभले. शीतयुद्धाच्या ऐन धामधुमीत परस्परांचे प्रतिस्पर्धी एका कोळीवाड्यात एकत्र आले! २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी हा तळ संयुक्त राष्ट्रसंघास समर्पित केला. शांततामय संशोधनासाठी तो सर्व सदस्य राष्ट्रांना खुला झाला.

परंतु परक्या बाणांवर विसंबून राहणे साराभाईंना मान्य नव्हते. अब्दुल कलाम आदी तरुण अभियंत्यांना त्यांनी अमेरिकेत प्रशिक्षणास धाडले होते. २० नोव्हेंबर १९६७ रोजी रोहिणी हा छोटासा स्वदेशी अग्निबाण उडाला. या कार्यात आपली माणसेही होती, हे सांगताना आम्हां मराठीजनांस अभिमान वाटतो. एकनाथ चिटणीस आरंभापासून साराभाईंचे सहकारी होते, तर विलायतेहून आलेल्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनाच्या क्षेत्रात मोलाची कामगिरी केली.

गरीब देशाला हे थेर कशाला, अशी टीका तेव्हा होतच होती. तिला साराभाईंनी कृतीने उत्तर दिले. १९६९ साली त्यांनी अमेरिकेच्या अवकाश संस्थेशी करार केला आणि त्यानुसार १९७५-७६ मध्ये अमेरिकन उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. उपग्रह परका, पण कार्यक्रम आपले. हे पाहण्यास मात्र साराभाई उरले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, थुंब्यापासून जवळच कोवळम् येथे झोपेतच त्यांचे निधन झाले.

घेतलेले ऋण फेडण्याची रीत या देशाने पुढे सांभाळली. राष्ट्रसंघाशी संलग्न असलेले अवकाशविद्येचे केंद्र १९९५ साली डेहराडून येथे सुरू झाले; आशियातील अनेक देशांचे विद्यार्थी तेथे शिकून गेले. २०१९ साली परदेशी अभियंत्यांना लहान उपग्रह जुळविण्याचे शिक्षण बंगलोर येथे देण्यास प्रारंभ झाला. एकेकाळी आमचे तरुण शिकण्यास परदेशी गेले. आता परदेशी तरुण आमच्याकडे येऊ लागले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या यानास विक्रम हे नाव होते, ते उचितच होय.

परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मंडळींना हे चरित्र विशेष जवळचे वाटते. आपल्या मंडळाचा संसारही पन्नास वर्षे शेजाऱ्यांच्या साहाय्याने चालला आहे. घेतले त्याहून अधिक देण्याची बुद्धी आपणांसही होवो, एवढीच प्रार्थना करून त्या थोर पुरुषाच्या स्मृतीस आम्ही अभिवादन करतो.