मी तोंगयोंग बोलतोय

मी दक्षिण कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे तोंगयोंग शहर बोलतोय. माझ्या भोवती समुद्र आणि समोर बेटेच बेटे. याच पाण्यावर लढलेल्या यी सुन-शिन या थोर सेनापतींची गोष्ट आज सांगतो.

त्यांचा जन्म १५४५ साली सोल येथे झाला. १५७२ साली सैन्याच्या परीक्षेत ते घोड्यावरून पडले, पाय मोडला. पण हिंमत सोडली नाही. १५७६ साली पास झालेच! १५९१ साली योसू बंदरातले आरमार त्यांच्याकडे आले. युद्ध येणार हे ओळखून त्यांनी जहाजे तयार केली. त्यांत कासवाच्या पाठीसारखे छत असलेली जहाजे होती. शत्रूने वर उडी मारू नये म्हणून छतावर अणकुचीदार खिळे!

१५९२ साली जपानी फौज चालून आली. शत्रूची ७३ जहाजे माझ्याजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत उभी होती. तिथे खडक फार. आपली मोठी जहाजे तिथे एकमेकांवर आपटतील, हे यींना ठाऊक होते. त्यांनी थोडीच जहाजे पुढे धाडली आणि पळाल्याचे सोंग केले. शत्रू पाठलाग करत हानसान बेटासमोरच्या मोकळ्या पाण्यात आला. मग काय! करकोच्याने पंख पसरावेत तशी यींची जहाजे पसरली आणि तोफा धडाडल्या. शत्रूची ४७ जहाजे बुडाली, १२ हाती लागली.

पुढे ते तीन प्रांतांच्या आरमाराचे प्रमुख झाले. पण १५९७ साली राजाचे कान भरले गेले. यींना कैद झाली, हाल झाले, साधा शिपाई केले. त्यातच आई वारली. त्यांच्या मागे जवळजवळ सगळे आरमार बुडाले, तेव्हा राजाला त्यांची आठवण झाली. ते रुसून बसले नाहीत. उरलेल्या १३ जहाजांनिशी त्यांनी म्योंगन्यांगच्या जोरदार प्रवाहात १३३ जहाजांना हटवले.

१५९८ साली नोर्यांगच्या शेवटच्या लढाईत त्यांना गोळी लागली. लढाई संपेपर्यंत आपले मरण लपवावे, असे सांगून त्यांनी प्राण सोडला.

१६०४ साली आरमाराचे मुख्य ठाणे माझ्याकडे आले. त्यावरूनच माझे नाव पडले. मुलांनो, आपल्या गावचे ओढे, डोंगर, वाटा नीट पाहून ठेवा. यींनी आपले पाणी ओळखले होते, म्हणूनच ते जिंकले.