पन्नास डॉलरच्या नोटेवरचे डेव्हिड युनायपन

या स्मरणिकेत आपल्या पूर्वजांच्या हकिकतींबरोबर याच भूमीतल्या एका माणसाचे चरित्र द्यावे, असे आम्ही ठरवले. आपल्यातल्या अनेकांची घराणी कोकणातून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली आणि पुढच्या पिढ्यांनी ऑस्ट्रेलिया गाठला. ज्यांच्या जमिनीवर आपण घरे बांधली, त्या मूळ रहिवाशांविषयी मात्र आपल्या घरांत फारसे बोलणे होत नाही. पन्नास डॉलरची नोट हातात येते आणि जाते. तिच्यावरचे कोट-टाय घातलेले गृहस्थ कोण, हे विचारले तर मुले शाळेत शिकलेले सांगतात. मोठी माणसे गप्प बसतात.

डेव्हिड युनायपन यांचा जन्म २८ सप्टेंबर १८७२ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात पॉइंट मॅकले येथे झाला. मरे नदीच्या मुखाजवळ, ॲलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी मिशनऱ्यांनी वसवलेली ही वस्ती. आज तिला राउकन हे जुने नाव परत मिळाले आहे. लोक नगारिंजेरी जमातीचे. वडील जेम्स न्गुनाइटपोनी हे ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. गोऱ्यांच्या जिभेवर हे आडनाव बसेना, म्हणून त्याचे युनायपन झाले. कारकुनाने कानावर पडले तसे नोंदवहीत लिहिले आणि पिढ्यान् पिढ्या तेच आडनाव चालले, असे ज्या घरांत झाले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

सातव्या वर्षी ते मिशनच्या शाळेत गेले. तेराव्या वर्षी, १८८५ मध्ये, शाळा सुटली आणि ॲडलेडच्या सी. बी. यंग यांच्या घरी नोकर म्हणून त्यांची रवानगी झाली. एरवी अशा मुलाचे आयुष्य भांडी घासण्यात आणि घोड्यांना दाणापाणी करण्यात संपायचे. पण यंग यांनी त्यांना विज्ञान, तत्त्वज्ञान आणि संगीत यांची गोडी लावली. पुस्तके हाताशी होती आणि वाचायला मनाई नव्हती. १८९० मध्ये ते मिशनवर परतले तेव्हा त्यांना वाचनाचे वेड लागले होते. तिथे ते ऑर्गन वाजवू लागले आणि जोडे शिवायचे कामही शिकले. पुढे ॲडलेडच्या एका जोडे बनवणाऱ्याकडे कोठार सांभाळले, मग मिशनच्या दुकानात हिशेब लिहिले. १९०२ च्या जानेवारीत कॅथरीन कार्टर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पोटासाठी जे करावे लागले ते केले आणि उरलेल्या वेळात यंत्रांचा विचार केला.

मेंढ्यांची लोकर हा त्या काळच्या ऑस्ट्रेलियाचा मोठा धंदा. लोकर यंत्राने कातरताना कातरणारा जो भाग हातात धरतो, त्यात युनायपन यांनी सुधारणा सुचवली. यंत्राचे गोल फिरणे पात्याच्या सरळ मागे-पुढे हालण्यात कसे उतरवायचे, हा तिचा गाभा. १९०९ मध्ये त्यांनी तात्पुरते पेटंट घेतले. पूर्ण पेटंट घ्यायला पैसे नव्हते. कल्पना लोकांच्या उपयोगी पडली, पण त्यांच्या हाती काही लागले नाही. त्यानंतर १९४४ पर्यंत त्यांनी आणखी नऊ तात्पुरती पेटंटे मागितली आणि एकही पुढे गेले नाही. पहिल्या महायुद्धाआधीच, बूमरँग हवेत कसे तरंगते हे पाहून, त्याच तत्त्वावर सरळ वर उडणारे यंत्र करता येईल असे ते सांगत होते.

ही कामे त्यांनी कोणत्या वातावरणात केली, हे आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. १९११ च्या कायद्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक मूळ रहिवासी मुलाचे पालकत्व आईबापांकडून सरकारी संरक्षकाकडे गेले. राखीव वस्तीत कोणी राहावे आणि कोणी नाही, हे अधिकारी ठरवत. मळ्याबाहेर पाऊल टाकायला चिठ्ठी लागत असे, हे आपल्या आजी-आजोबांनी सांगितले आहे. म्हणून या गोष्टीतले बंधन आपल्याला चटकन कळते. युनायपन मिशनच्या संस्थेसाठी वर्गणी गोळा करत, प्रवचने आणि व्याख्याने देत सुमारे पन्नास वर्षे गावोगाव हिंडले. सभागृहात लोक टाळ्या वाजवत आणि रात्री रंग पाहून निवासाला जागा नाकारत, असे अनेकदा झाले.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना नवा ध्यास लागला. १९२४ पासून ते आपल्या लोकांच्या दंतकथा वर्तमानपत्रांतून लिहू लागले, वस्त्यांतल्या वृद्धांकडून कथा जमवू लागले. १९२९ मध्ये त्यांचे छोटे पुस्तक निघाले. मूळ रहिवाशांपैकी पुस्तक छापलेला पहिला लेखक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांची इंग्रजी मिल्टन आणि बायबल वाचून घडलेली, भारदस्त. काहींना ती कृत्रिम वाटते. आम्हाला वाटते, ज्याला सतत कमी लेखले गेले त्याने मालकाची भाषा मालकापेक्षा चोख बोलायची असे ठरवले, तर त्यात नवल नाही.

मोठे हस्तलिखित मात्र हातचे गेले. सिडनीच्या प्रकाशकांनी त्याचे हक्क विल्यम रॅमसे स्मिथ या डॉक्टरांना विकले आणि १९३० मध्ये ते पुस्तक लंडनला स्मिथ यांच्या नावाने निघाले. युनायपन यांचा साधा उल्लेखही त्यात नाही. मॉरिशसमध्ये दिवसभर ऊस तोडून रात्री झाकरी म्हणणाऱ्यांची नावेही कुठे छापली गेली नाहीत. पण निदान ती गाणी दुसऱ्याच्या नावावर कुणी विकली नाहीत.

त्यांचे सगळेच पटण्यासारखे होते असे नाही. सरकारी चौकशांपुढे त्यांनी आपल्या लोकांच्या बाजूने साक्षी दिल्या, उत्तरेत मूळ रहिवाशांसाठी वेगळे राज्य असावे अशी मागणी १९२६ मध्ये उचलून धरली. पण २६ जानेवारी १९३८ रोजी सिडनीत मूळ रहिवाशांनी शोकदिन पाळायचे ठरवले, तेव्हा देशाची बाहेर बदनामी होईल म्हणून त्यांनी विरोध केला. तरुण कार्यकर्त्यांना ते खुपले, आणि ते आम्हालाही खुपते. संस्थेच्या पैशावर पोट असलेल्या माणसाला किती मोकळे बोलता येते, हाही प्रश्न आहेच.

वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीही ते प्रवचने देत होते. अखेरच्या काळात पॉइंट मॅकलेला परतून ते पुन्हा यंत्रांकडे वळले. एकदा सुरू केले की न थांबता चालणारे यंत्र, हा त्यांचा तरुणपणापासूनचा ध्यास. ते होणे नाही, हे विज्ञान तेव्हाही सांगत होते. नव्वदी उलटली तरी त्यांनी तो नाद सोडला नाही.

७ फेब्रुवारी १९६७ रोजी टेलेम बेंडच्या रुग्णालयात, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले. दफन जन्मगावीच झाले. त्याच वर्षी २७ मे रोजी ऑस्ट्रेलियाने जनमत घेऊन मूळ रहिवाशांना जनगणनेत धरायचे ठरवले. १९९५ मध्ये त्यांची छबी नोटेवर आली. शेजारी राउकनचे चर्च, लोकर कातरायच्या यंत्राचा आराखडा आणि त्यांच्या हस्तलिखितातल्या काही ओळी आहेत. ते पुस्तक त्यांच्या स्वतःच्या नावाने मेलबर्नहून २००१ मध्ये निघाले.