लुई पाश्चर: चावल्यानंतरची लस आणि निघण्याआधीचा प्रश्न

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत सुट्टीच्या आधी एक वाद हमखास होतो. मुलांना घेऊन महिनाभर गावी जायचंय. समजा यवतमाळ जिल्ह्यात केळापूरला. जगदंबेचं दर्शन आहे, आजीचं घर आहे, आणि दारात कुत्री आहेत. तिकडचा डॉक्टर म्हणतो, रेबीजची लस घेऊन जा. आजीला हसू येतं. चावलंच तर इथे इंजेक्शन मिळतं की! गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे. ते कसं, हे ही लस बनवणाऱ्या माणसाच्या आयुष्यातून चांगलं कळतं.

लुई पाश्चरचा जन्म 27 डिसेंबर 1822 चा, फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील नेपोलियनच्या सैन्यातून परतलेले, धंदा कातडी कमावण्याचा. पुढे घर आर्ब्वा या गावी आलं. 1831 मध्ये तिथे एक पिसाळलेला लांडगा शिरला आणि त्याने अनेकांना फाडलं. उपचार एकच होता: लोहाराकडे जायचं आणि तापलेल्या सळईने जखम डागून घ्यायची. आठ-नऊ वर्षांच्या लुईने हे बघितलं होतं. आपल्याकडे चाव्यावर चुना किंवा मिरची भरायचे, त्याच जातीचा हा प्रकार.

तो डॉक्टर झाला नाही, रसायनशास्त्रज्ञ झाला. स्फटिक, मग दारूचं आंबणं, मग रेशीमकिड्यांचे रोग असा त्याचा प्रवास झाला. दूध तापवून टिकवण्याच्या पद्धतीला आजही त्याचं नाव आहे. पाच मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. 1868 मध्ये पक्षाघाताने शरीराची डावी बाजू अधू झाली. त्याची सगळ्यात मोठी कामं यानंतरची आहेत.

1881 मध्ये त्याने पुई-ल-फोर गावी सगळ्यांसमोर मेंढ्यांवर प्रयोग केला. आधी लस टोचली, मग फाशी रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू दिले. टोचलेल्या मेंढ्या जगल्या, न टोचलेल्या मेल्या. लस म्हणजे रोगाच्या आधी घ्यायची गोष्ट, हे तेव्हाचं सरळ गणित.

रेबीजने हे गणित बदललं. त्याचा जंतू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून दिसतच नव्हता. पाश्चर आणि त्याचा सहकारी एमिल रू यांनी तो सशांच्या मेंदूत वाढवला. मग मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून वाळवला. जितके दिवस वाळेल तितका जोर कमी होतो, असं दिसलं. पण लस टोचायची कुणाला? देशातल्या प्रत्येक कुत्र्याला टोचणं अशक्य, आणि प्रत्येक माणसाला टोचायचं कारण नाही. तेव्हा त्याने रोगाच्या संथपणाचा फायदा घेतला. चाव्यातून शिरलेला विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातो. त्याला बहुधा काही आठवडे लागतात, कधी महिनेही. तेवढ्यात शरीराला तयार केलं तर शर्यत जिंकता येते.

6 जुलै 1885 ला आल्सासहून एक बाई नऊ वर्षांच्या मुलाला, जोसेफ माइस्टरला, घेऊन पॅरिसला आली. दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावलं होतं. पाश्चरला सुई टोचायची परवानगी नव्हती, म्हणून डॉक्टर ग्रँशेने टोचली. पहिली लस पंधरा दिवस वाळवलेली होती, नंतरची रोज जास्त ताजी, एकूण तेरा टोचण्या. मुलगा वाचला. पुढे शंभर वर्षांनी पाश्चरच्या खासगी वह्या तपासल्या गेल्या. नेमक्या याच पद्धतीचे कुत्र्यांवरचे प्रयोग तेव्हा पुरे झालेले नव्हते, असं त्यातून दिसलं. म्हणजे त्याने मोठा धोका पत्करला होता, आणि तोही दुसऱ्याच्या मुलावर. त्याची थोरवी सांगताना हे झाकू नये असं मला वाटतं.

त्याच वर्षी लुईझ पेलतिये ही दहा वर्षांची मुलगी आली. चाव्याला महिन्याहून जास्त काळ लोटला होता. उशीर झालाय हे पाश्चरला कळत होतं, तरी आईबापांना नाही म्हणवलं नाही. मुलगी गेली. 1886 मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडग्याने फाडलेले 19 जण एवढं अंतर कापून पॅरिसला आले. त्यातले 16 वाचले. लस होती, पण ती एकाच शहरात होती. भारतातूनही चावलेल्या गोऱ्या सैनिकांना पॅरिसला पाठवत. 1900 मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली तेव्हा कुठे हे अंतर कमी झालं. पाश्चर त्याआधीच, 28 सप्टेंबर 1895 ला, वारला होता. तीच तारीख आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

पोटातली चौदा इंजेक्शनं अनेकांना आठवत असतील. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती. 2004 च्या अखेरीस भारतात ती बंद झाली. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते आणि दंडात देतात.

आता केळापूर. तालुक्याचं मुख्य ठिकाण पांढरकवडा, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं. टिपेश्वर अभयारण्य जवळ, त्यामुळे वाघाची बातमी लगेच होते, कुत्रा चावल्याची कुणी छापत नाही. आधी लस न घेतलेल्याला चाव्यानंतर तीन गोष्टी लागतात. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुणं, लसीचे चार-पाच डोस, आणि रक्त आलं असेल तर जखमेतच टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. लसीचा परिणाम व्हायला काही दिवस जातात, तोवर ती प्रतिपिंडं खिंड लढवतात. अडचण बहुधा याच तिसऱ्या गोष्टीची असते. लस मिळते, पण इम्युनोग्लोब्युलिन लहान ठिकाणी मिळेलच असं नाही. मग यवतमाळ किंवा नागपूर गाठावं लागतं.

निघण्याआधी लस घेतलेल्याला ही तिसरी गोष्ट लागत नाही. आधीचे दोन किंवा तीन डोस असतात. चावल्यावर जखम धुवायची आणि तीन दिवसांच्या अंतराने दोनच डोस घ्यायचे. पण ते घ्यावेच लागतात. आधी टोचलंय म्हणून घरी बसणं जिवावर बेतू शकतं, कारण लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

म्हणून माझं मत असं: चार दिवस नागपुरात राहून परत जाणार असाल तर आजीचं बरोबर आहे. मुलं लहान असतील, महिनाभर गावात हिंडणार असतील आणि कुत्रं ओरबाडलं तरी सांगणार नसतील, तर डॉक्टरचं ऐका. दोन डोसांत सात दिवसांचं अंतर लागतं, तेव्हा विमानाच्या आदल्या दिवशी विचार करून उपयोग नाही.

आणि केळापूरहून ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांना? तिथल्या कुत्र्यांत रेबीज नाही, त्यामुळे नुसत्या त्या प्रवासासाठी लस घ्यायची बहुधा गरज नसते. वटवाघळांना मात्र हात लावू नका. पण निघण्याच्या आठवड्यात गावच्या कुत्र्याने चावलं असेल तर पहिला डोस इथेच घ्या, कागद सोबत ठेवा आणि उरलेले तिकडे पोचल्यावर ठरलेल्या तारखांना पूर्ण करा.